गाडी आवाज करते, पण कधी?

गेल्या महिन्यात या पानावर एका ओळीत लिहिलं होतं की गाडीच्या आवाजांबद्दल काय विचारायचं असेल ते पाठवा, तर एवढे प्रश्न आले की संपादकबाईंनी फोन करून विचारलं, गोव्यात एक तरी गाडी गप्प चालते का हो? पावसाळा आहे बाई, म्हटलं, आता सगळ्याच बोलणार.

प्रश्न वाचताना मजा आली ती शब्दांची. कोणाची खडखड, कोणाची घरघर, एकाने नुसतंच "विचित्र" लिहून पुढे तीन उद्गारचिन्हं दिलीत. पण खरं सांगू का, आवाज कसला येतो यापेक्षा तो कधी येतो हे सांगितलंत तर माझं काम पटकन होतं, कारण एकाची घरघर ती दुसऱ्याची गुणगुण असते आणि फोनवर तर सगळंच सारखं ऐकू येतं. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की आपण उठून बघायला जात नाही, तो वळणावर आलाय की शेजाऱ्यांच्या दारात हे अंथरुणात कळतं, कारण वेळ आणि दिशा डोक्यात बसलेली असते. गाडीचंही तसंच. स्पीड वाढला की वाढतो का, जागेवर उभं राहून रेस दिली तरी येतो का, वळताना, ब्रेक मारताना, क्लच दाबताना, खड्ड्यात, थंड असताना की गरम झाल्यावर, एवढं लिहून पाठवा. आता प्रश्नांकडे वळतो.

प्रश्न : नमस्कार भाई, मी रोज म्हापशाहून पणजीला नोकरीला जातो. ५० च्या वर गेलं की खालून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, ८० ला तर रेडिओ मोठा करावा लागतो. एका गॅरेजमध्ये चारही टायर बदला म्हणाले. टायर ४० हजार किलोमीटर चाललेत. बदलू का? (म्हापसा)

उत्तर : थांबा, पैसे काढायच्या आधी एक रविवार सकाळ काढा. सरळ, सपाट, रिकामा रस्ता बघा (पणजीच्या अटल सेतूवर नको, मागचा हॉर्न मारून डोकं खाईल), गाडी ६० ला न्या, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि गिअर न्यूट्रलला टाका. इंजिन मात्र चालूच राहू दे हं, बंद केलंत तर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. आणि हा उद्योग घाटात अजिबात करायचा नाही. आता ऐका. इंजिनचा आवाज खाली गेला तरी घूं तसाच राहिला आणि गाडीचा वेग उतरेल तसा तोही उतरत गेला, तर दोष चाकांकडे आहे, इंजिनाला विसरा. न्यूट्रलला टाकल्या टाकल्या गायब झाला तर मग इंजिन किंवा गिअरबॉक्सकडे बघायचं. तुमच्या वर्णनावरून चाकांकडेच असणार असं मला वाटतंय.

चाकांकडे म्हणजे टायर किंवा व्हील बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ती गोळ्यांची कडी), आणि हे दोघे भाऊ आवाजाने इतके सारखे आहेत की मुरलेला फिटरसुद्धा फसतो. वेगळे करायची युक्ती अशी की त्याच रिकाम्या रस्त्यावर ६० ला गाडी हलकेच डावीकडे, मग उजवीकडे अशी नागमोडी घ्यायची. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा घूं वाढला आणि उजवीकडे वळताना कमी झाला, तर बहुतेक उजव्या बाजूचं बेअरिंग गेलंय. उलट झालं तर डाव्या बाजूचं. वळवून काहीच फरक पडत नाही, पण नव्या गुळगुळीत डांबरावर आवाज कमी आणि जुन्या खरबरीत रस्त्यावर जास्त, असं असेल तर टायर. मग गाडी उभी करून टायरवर तळहात फिरवा, आधी पुढून मागे, मग मागून पुढे. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे दाते हाताला लागले की टायर वेडावाकडा झिजलाय. अशा वेळी नुसता टायर बदलून उपयोग नाही, अलाइनमेंट आणि शॉकअप बघितल्याशिवाय नवा घातलात तर तोही वर्षभरात तसाच कापला जाईल आणि तुम्ही मला परत लिहाल.

बेअरिंग पक्कं करायला आम्ही काय करतो ते सांगतो. चाक जॅकवर उचलायचं, खाली स्टँड लावायचा (नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका), एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंगवर काही म्हणजे काही जाणवत नाही. खराब असेल तर बोटांना बारीक कुरकुर लागते, पाट्यावर राहिलेलं जाडं मीठ वाटल्यासारखी. कानाच्या आधी बोटांना कळतं ते. आमच्याकडे जुलैपासून बेअरिंगचं गिऱ्हाईक वाढतं, कारण पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक जोरात आदळतं, सील हलतं, आत पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी गाडी गायला लागते. तशीच चालवत राहिलात तर चाकाला खेळ सुटतो, म्हणून फार दिवस ढकलू नका.

आणि टायरच्या खाचांमध्ये तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटरवर आली. तिथपर्यंत पोचला असेल तर आवाज असो नसो, या पावसात बदलायलाच हवा. नसेल पोचला तर चार टायरचे पैसे खिशात ठेवा.

प्रश्न : काका, मी कॉलेजला आहे, बाबांच्या जुन्या गाडीवर हात साफ करतोय. फोंड्याला बाजारात पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना पुढून टक-टक-टक-टक येतं. सरळ रस्त्यावर काहीच नाही. बाबा म्हणतात तू स्टिअरिंग जास्त ओढतोस. (फोंडा)

उत्तर : बाबांना सांग, काकांनी तुला निर्दोष सोडलंय. पूर्ण वळवून हळू चालवताना लागोपाठ टक-टक, आणि चाक जोरात फिरेल तशी टकटक पण जोरात, हा सीव्ही जॉइंटचा आवाज. म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या टोकाला जो सांधा असतो तो. चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवत ठेवणं हे त्याचं काम, आत गोळ्या असतात आणि त्या खाचांतून सरकतात, खाचा झिजल्या की गोळी उडी मारते आणि टक होतं.

स्वतः बघायचं असेल तर सपाट जागी गाडी लाव, स्टिअरिंग पूर्ण वळव, इंजिन बंद, हँडब्रेक ओढ आणि खाली वाकून पुढच्या चाकाच्या मागे टॉर्च मार. भजनातल्या पेटीच्या भात्यासारखा घड्या-घड्यांचा काळा रबरी बूट दिसेल. बोटाने एकेक घडी उघडून बघ, फाटलेला असेल तर चीर नेमकी घडीच्या खोबणीत असते, वरवर बघितलं तर दिसतच नाही. पण ग्रीस लपत नाही. ते फिरून फिरून रिमच्या आतल्या बाजूला काळा पट्टा मारून ठेवतं आणि त्यावर आपली लाल माती अशी काही चिकटते की बोटाने खरवडली तर चिखल आणि डांबर एकत्र कालवल्यासारखं हाताला येतं. मग दुसरी बाजूही बघ.

बूट फाटलाय पण आवाज अजून आलेला नाही, अशा वेळी धरलं तर नवा बूट आणि ग्रीस एवढ्यावर भागतं. तुझ्याकडे टकटक सुरू झालीय म्हणजे आत माती जाऊन खाचा खाल्ल्या गेल्यात, आता जॉइंट बदलायचा किंवा पूर्ण एक्सल. "ग्रीस भरून देतो" असं कोणी म्हणालं तर भरून घेऊ नकोस, दहा-पंधरा दिवस गप्प बसतो आणि परत सुरू. जुनी गाडी विकताना काही लोक हाच उद्योग करतात, म्हणून सेकंडहँड गाडी बघायला जाशील तेव्हा मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून एकेक गोल चक्कर मार, काचा खाली करून.

गाडी उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवलं आणि एकच ठ्ठक झालं तर तो वेगळा विषय, ते शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग असतं. त्यात घाई नसते, पण दाखवून ठेवावं.

प्रश्न : रात्रभर गाडी पावसात उभी असते. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला चर्र-खर्र होतं, मग दिवसभर काही नाही. पॅड गेले का? (मडगाव)

उत्तर : नाही गेले. ब्रेकची डिस्क बिडाची असते, रात्रभराच्या दमट हवेत तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो, सकाळी पॅड तो घासून काढतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांना हे जास्तच. सकाळी गाडी हलवताना मागून ठण्ण होऊन ती सुटत असेल तर मागच्या ड्रमला लायनर चिकटलेला असतो, पावसाळ्यात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवण्यापेक्षा सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

घाबरायचं ते वेगळ्या आवाजांना. गाडी चालताना बारीक चींऽऽ, ब्रेक दाबला की थांबतो किंवा बदलतो, तर पॅडवरची पत्र्याची जीभ डिस्कला लागतेय. ती मुद्दाम तिथे बसवलेली असते, पॅड संपत आले हे सांगायला. तिचं ऐकलं नाहीत तर काही दिवसांनी ब्रेकला लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खर्रर, आणि मग पॅडबरोबर डिस्कचेही पैसे. आणखी एक, खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कानठळ्या बसवणारा खरखराट सुरू झाला, पाच मिनिटांपूर्वी काहीच नव्हतं, तर बहुतेक डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलाय. बाजूला घेऊन चार-पाच मीटर हळू रिव्हर्स घ्या, पुष्कळदा आपणहून पडतो.

प्रश्न : भाई, आमचं घर चोडणला, रोज रायबंदरच्या फेरीने गाडी नेते. सिग्नलला उभी असले की खालून डब्यात सुक्या काजूबिया हलवल्यासारखा आवाज येतो, थोडी रेस दिली की बंद. इंजिन जाणार का हो? (चोडण)

उत्तर : ताई, या महिन्यातलं सगळ्यात चांगलं वर्णन तुमचं, आणि सगळ्यात स्वस्तातला रोगही तुमचाच. सायलेन्सरच्या पाइपवर उष्णता अडवायला पातळ पत्रा लावलेला असतो, हीट शील्ड म्हणतात त्याला. फेरीच्या उताराला गाडीचं पोट कधीतरी घासतं, त्यात खाऱ्या हवेने बोल्टभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं झालेलं असतं, की पत्रा सुटतो आणि ठराविक रेसलाच थरथरतो. रेस बदलली की थरथर जुळत नाही म्हणून गप्प. गाडी रात्रभर थंड झाल्यावर (गरम सायलेन्सरला हात लावून फोड आलेली माणसं मी बघितलीत) खालून मुठीने हलकेच ठोकून बघायला सांगा, तोच आवाज येईल. पत्रा काढून टाकायचा नाही, त्याच्या वर गाडीची फरशी आणि वायरी असतात. रेडिएटरच्या पाइपला असते तशी मोठ्या मापाची स्टीलची क्लिप पाइप आणि पत्रा दोन्हीभोवती गुंडाळून आवळली की झालं.

तिथे वाकलाच आहात तर सायलेन्सरला कुठे भोक नाही ना तेही बघून घ्या. सकाळी स्टार्ट केल्यावर फट्-फट् आणि गाडीत धुराचा वास, असं असेल तर मात्र दिरंगाई नको, त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि काचा लावून एसीत बसलं तर डोकं जड का झालं हेसुद्धा कळत नाही.

प्रश्न : माझं माहेर बेळगावचं, चोर्ला घाटातून जावं लागतं. गाडी पेट्रोलची. चढावर दाबलं की इंजिनमधून टिण-टिण-टिण येतं, सपाटीवर नाही. मिस्टर म्हणतात तुझ्या चालवण्यामुळे. (साखळी)

उत्तर : मिस्टर बरोबर असण्याची शक्यता आहे, पण त्यांना हे पान दाखवायची जबरदस्ती नाही. चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी ३०-३५ वर आलेली असते, आपण गिअर न उतरवता नुसता पाय दाबतो, इंजिनला फेरे कमी आणि भार जास्त. मग सिलेंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण प्लगच्या ठिणगीने शिस्तीत जळायचं सोडून एका कोपऱ्यात आपल्याआपण भडकतं, दाबाच्या लाटा सिलेंडरच्या भिंतींवर आदळतात आणि बाहेर टिण ऐकू येतं. फार दिवस चाललं तर पिस्टनला मार बसतो. पुढच्या वेळी केरीच्या पुढे चढ लागला की आधीच तिसरा टाका, वळणांना दुसरा, इंजिन थोडं ओरडलं तरी चालेल. ओरडणारं इंजिन सुखी असतं, कण्हणारं नाही.

बरोबर गिअरमध्येही टिणटिण आलीच तर मिस्टर हरले. मग आत कार्बन साचलाय का, प्लग दुसऱ्याच नंबरचे बसवलेत का, इंजिन जास्त तापतंय का, हे बघायचं. डिझेलवाल्यांनी हे वाचून घाबरू नये, त्यांचं इंजिन जन्मतःच टकटकतं.

एवढं मात्र सगळ्यांनी ऐका. बारीक टिण-टिण नाही तर इंजिनच्या तळातून जड ढक-ढक, रेस दिली की वाढणारी, आणि त्यात डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला, तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" करू नका. तिथेच बाजूला घ्या, चावी बंद करा, टोचन मागवा. त्या दोन-तीन किलोमीटरमध्ये ऑइलच्या भरणीवर भागणारं काम अख्ख्या इंजिनवर जातं. दर पंधरा दिवसांनी सकाळी थंड इंजिनला ऑइलची पट्टी काढून पुसून परत घालून बघायला किती वेळ लागतो? सगळे बघतात ते गाडी धुतलीय का.

प्रश्न : एसी लावला की डॅशबोर्डमधून फडफड. फणसाखाली गाडी लावतो. (काणकोण)

उत्तर : उत्तर तुम्हीच दिलंत. पाला काचेखालच्या जाळीतून ब्लोअरमध्ये गेलाय. ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा. आत पाल्याबरोबर कापूस, कागदाचे तुकडे निघाले तर उंदराने घर केलंय, मग बोनेट उघडून वायरी कुरतडल्यात का तेही लगेच बघा.

प्रश्न : छोट्या खड्ड्यांवर, स्पीडब्रेकरवर पुढून खट-खट येते, मोठ्या खड्ड्यात उलट कमी. शॉकअप बदलले, पैसे गेले, आवाज तिथेच. आता लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) सांगतायत. (डिचोली)

उत्तर : आधी डिकी रिकामी करा. हसू नका. स्टेपनीचा नट सैल, जॅक खोबणीत न बसवलेला, सीटखाली लोळणारी बाटली, यांनी मला जितकं फसवलंय तितकं कुठल्या पार्टने नाही. एकदा चवथीच्या आधी एक गाडी आली, वळणावर धाड, ब्रेकला धाड, मी आणि पोरगा दुपारपर्यंत खाली झोपून सगळे बुश (सांध्यांतले रबर) तपासत होतो, शेवटी मागच्या सीटखालून माटोळीला (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात तिला) आणलेला असोला नारळ निघाला. बिल काय लावायचं हाच प्रश्न पडला होता. मालकाने तो नारळच ठेवून घ्यायला सांगितलं.

डिकी रिकामी करूनही आवाज असेल तर तुमच्या "छोट्या खड्ड्यात जास्त, मोठ्यात कमी" या वाक्याला मी अर्धे मार्क दिलेत, माझा संशय लिंक रॉडवर आहे. स्टॅबिलायझर बारला (वळताना गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा) सस्पेन्शनशी जोडणारी वीतभर-हातभर लांबीची दांडी, दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट. एक चाक वर, दुसरं खाली असं झालं की तिला काम पडतं, म्हणून खडबडीत रस्त्यावर हळू जाताना ती वाजते. दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर बार नुसता फिरतो आणि ती गप्प. म्हणून आधी स्पीडब्रेकर सरळ घ्या, मग तोच स्पीडब्रेकर तिरका, एकेक चाक चढवून घ्या. तिरक्यात वाजली आणि सरळ गेल्यावर नाही, तर लोअर आर्मला हात लावायच्या आधी लिंक रॉड बघायला सांगा. गाडी चारही चाकांवर उभी असताना दांडी हाताने पकडून जोरात हलवायची, जॉइंट सैल असेल तर हातात कट-कट जाणवते.

लोअर आर्मचा बुश गेला असेल तर त्याची वेळ वेगळी, ब्रेक दाबल्यावर एक ढप्प आणि सोडल्यावर दुसरा. तसं होतंय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल होत तर आर्म बदलायला नकार द्या, आणि शॉकअपचं काम जिथे केलंत तिथेच जाऊन वरच्या माउंटिंगचे नट परत आवळून बघायला सांगा, गाडी जमिनीवर उभी असताना. नवीन शॉकअप घातल्यावर तो नट सैल राहिला तरी अशीच खट-खट येते.